सासूची अकरा वर्षे

रोहिणी हट्टंगडी यांच्याविषयी जे काही छापून येते, त्याची सुरुवात बहुधा एकाच माहितीने होते. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) या चित्रपटात त्यांनी कस्तुरबांची भूमिका केली आणि त्या भूमिकेसाठी त्यांना ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. माहिती खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण वसमतसारख्या तालुक्याच्या गावात हे नाव घेतले, तर समोरची बाई कस्तुरबांपाशी पोचत नाही. ती विचारते, "आशालता देशमुख ना?"

'चार दिवस सासूचे' ही मालिका ई टीव्ही मराठी या वाहिनीवर २००१च्या नोव्हेंबरात सुरू झाली आणि २०१३च्या जानेवारीत संपली. अकरा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तुलनेसाठी सांगायचे, तर ज्या हिंदी मालिकेने सासू-सुनांचे युग आणले असे म्हणतात, त्या 'क्यूंकि सास भी कभी बहू थी'ची पहिली खेप २००० ते २००८ अशी आठ वर्षे चालली आणि १८३३ भागांवर थांबली. म्हणजे आशालता देशमुख ही भूमिका भारतीय दूरचित्रवाणीवरच्या सर्वांत दीर्घ भूमिकांपैकी एक ठरते. तरीही हट्टंगडी यांच्या कारकिर्दीचा आढावा घेताना या अकरा वर्षांना एखादी ओळ मिळते. कधी तीही 'मालिकांमधूनही त्यांनी काम केले' अशी ओझरती असते.

त्या ओळीत काय काय दडलेले आहे, ते या लेखात पाहायचे आहे. मालिका थोर होती असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही. एका अव्वल दर्जाच्या नटीने आयुष्याची अकरा वर्षे जे काम केले आणि लाखो घरांनी जे रोज पाहिले, ते अभिनयाच्या इतिहासात धरायचे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

घडण

रोहिणी ओक पुण्यात शिकल्या. १९७१ साली त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या आणि १९७४ साली तिथून बाहेर पडल्या. हा इब्राहिम अल्काझी यांच्या संचालकपदाचा काळ. अल्काझींची शिस्त प्रसिद्ध होती. वेळ पाळणे, आवाजाची मेहनत, शरीराची मेहनत, आणि नाटकात मोठी भूमिका असो वा नसो, रंगमंचाची सगळी कामे येणे, हा तिथला धडा होता. विद्यालयात त्यांना जपानी काबुकी शैलीतल्या 'इबारागी' या प्रयोगात काम करायला मिळाले. काबुकीत स्त्रियांच्या भूमिकाही परंपरेने पुरुषच करतात. आपल्याकडे बालगंधर्वांच्या पिढीत तोच रिवाज होता आणि १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या याची आपल्या नाट्येतिहासात अजून नोंद घेतली जाते. तो रिवाज मोडून चाळीस वर्षे झाल्यावर एक मराठी मुलगी दुसऱ्या देशाच्या पुरुषी रंगपरंपरेचे शिक्षण घेत होती.

याच विद्यालयात त्यांची जयदेव हट्टंगडी यांच्याशी भेट झाली. १९७७ साली दोघांचे लग्न झाले. मुंबईत 'आविष्कार'च्या प्रायोगिक वर्तुळात दोघांनी काम केले. लोर्काच्या 'येर्मा'वर आधारलेले 'चांगुणा', ग्रीक शोकांतिकेतली 'मीडिया', पुढे 'अपराजिता'चा एकपात्री प्रयोग, ही त्या काळातली ठळक नावे. मूल हवे असलेली बाई, मुलांचा जीव घेणारी बाई आणि एकटीने आपली गोष्ट सांगणारी बाई, अशा तीन टोकांच्या भूमिका. प्रायोगिक रंगभूमीवर प्रयोग थोडे होतात, पैसे जवळजवळ नसतात, पण नटीच्या हाताला जे वळण लागते ते आयुष्यभर टिकते. पुढे मालिकेच्या कामात हेच वळण उपयोगी पडले, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे येईल.

उसने म्हातारपण

हिंदी चित्रपटात त्या आल्या सईद मिर्झा यांच्या 'अरविंद देसाई की अजीब दास्तान' (१९७८) मधून. चारच वर्षांनी 'गांधी' आला. चित्रपटात कस्तुरबा तरुणपणापासून मृत्यूपर्यंत दिसतात. भूमिका करणारी नटी तेव्हा तिशीच्या आसपास होती. बाफ्टाचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांना अमेरिकी अभिनेत्री मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून मिळाला. त्याच वर्षी महेश भट्ट यांचा 'अर्थ' आला. त्यातल्या मोलकरणीच्या भूमिकेने त्यांना फिल्मफेअर पुरस्कार दिला. गोविंद निहलानी यांच्या 'पार्टी'साठी (१९८४) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पण याच १९८४ साली 'सारांश'ही आला आणि त्याने त्यांची पुढची वाट ठरवून टाकली. मुलगा गमावलेल्या मराठी वृद्ध दांपत्याची ही कथा. नवऱ्याची भूमिका करणारे अनुपम खेर तेव्हा तिशीच्या आतले होते आणि रोहिणीताईही तिशीच्याच आसपास. दोघांनीही पिकलेले केस, वाकलेला खांदा आणि म्हातारपणाचा संथपणा उसना घेतला होता. खेर यांच्यासाठी ते उसनेपण एका भूमिकेपुरते राहिले. पुढे ते खलनायक झाले, विनोदी बाप झाले, वाटेल ते झाले. बाईच्या बाबतीत व्यवसायाचा नियम वेगळा असतो. एकदा पडद्यावर आई झालेली नटी पुन्हा मुलगी होत नाही. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. बच्चन यांचा जन्म १९४२चा. मुलगा आईपेक्षा वयाने बराच मोठा. या भूमिकेलाही फिल्मफेअर मिळाले, म्हणजे व्यवसायाने ती विसंगती मान्य तर केलीच, वर तिचा सत्कारही केला.

हे एकट्या हट्टंगडींच्या वाट्याला आले असे नाही. रीमा लागू १९५८ सालच्या. 'वास्तव'मध्ये (१९९९) त्या संजय दत्त यांच्या आई झाल्या. दोघांच्या वयात जेमतेम एका वर्षाचे अंतर. 'पुरुष' आणि 'सविता दामोदर परांजपे'सारख्या नाटकांत केंद्रस्थानी उभी राहिलेली ही नटी हिंदी पडद्यावर नायकाच्या पाठीवर हात फिरवण्यापुरती उरली. त्यांना मोकळेपणाने खेळायला जागा मिळाली ती दूरचित्रवाणीवर : 'श्रीमान श्रीमती' आणि 'तू तू मैं मैं' या नव्वदच्या दशकातल्या मालिकांत. 'तू तू मैं मैं'मधली सासू विनोदी होती, पण गोष्ट तिच्याभोवती फिरत होती. १८ मे २०१७ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हाही 'नामकरण' या मालिकेतले त्यांचे काम चालूच होते.

यातून एक गोष्ट दिसते. चाळिशी ओलांडलेल्या नटीला चित्रपटाने नायकाची आई केले आणि कडेला उभे केले. मालिकेने तिला सासू केले, पण गोष्टीच्या मधोमध बसवले. दोन्ही ठिकाणी नाते घरातलेच, दोन्ही ठिकाणी चौकट ठरलेली. फरक आहे तो जागेचा आणि वेळेचा.

हैदराबादहून आलेली मराठी

आता थोडे आमच्या भागाविषयी सांगायला हवे, कारण ही मालिका कुणी पाहिली हे समजल्याशिवाय तिचे वजन कळत नाही.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. 'गजरा'सारखे कार्यक्रम, नाट्यावतरणे, भक्ती बर्वे यांनी वाचलेल्या बातम्या, हा मुंबई-पुण्याच्या वाचकांच्या आठवणींचा ठेवा आहे. मराठवाड्यातल्या तालुक्यांच्या गावांकडे तो ठेवा नाही. १९८४च्या सुमारास देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले. पण त्यांवरून प्रामुख्याने दिल्लीचा कार्यक्रम येई. त्यामुळे आमच्याकडच्या पहिल्या दूरचित्रवाणी पिढीची भाषा हिंदी होती. 'हम लोग', 'बुनियाद', 'रामायण' ही आमची आठवण. घरात मराठी बोलायची आणि पडद्यावर हिंदी ऐकायची, असे किती तरी वर्षे चालले.

पुढे सह्याद्री वाहिनी आली, 'दामिनी'सारखी रोज दिसणारी मराठी मालिका आली. १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली आणि ९ जुलै २००० रोजी ई टीव्ही मराठी. ही दुसरी वाहिनी हैदराबादच्या रामोजी राव यांच्या समूहाची. मराठवाड्याच्या इतिहासाशी परिचित असलेल्या वाचकाला यातली गंमत लगेच कळेल. १९४८पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात होता, १९५६पर्यंत हैदराबाद राज्यात. कचेरीचे कागद, वरचे शिक्षण, मोठा दवाखाना, सगळ्याची वाट हैदराबादला जाई. राज्यपुनर्रचनेनंतर ती वाट मुंबईकडे वळली. आणि चव्वेचाळीस वर्षांनी मराठी वाहिनी आमच्या घरात आली ती पुन्हा हैदराबादहून! या वाहिनीने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या बातम्या दाखवल्या. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा तेव्हा जेमतेम वर्षाचा होता. आपल्या नव्या जिल्ह्याचे नाव पडद्यावर उमटलेले पाहणे ही साधी गोष्ट नव्हती. बातम्यांसाठी लावलेली वाहिनी मग मालिकेसाठी तशीच चालू राहिली.

वसमत हे हळदीचे गाव. मोंढ्यात हळदीचे ढीग लागतात. काढणीच्या आणि शिजवणीच्या हंगामात बायांचे हात कोपरापर्यंत पिवळे असतात. साखर कारखाना आहे, शाळा-कॉलेजे आहेत, वाचनालय आहे. व्यावसायिक नाटक मात्र क्वचित येते. नाट्यगृहाचे तिकीट काढून 'मीडिया' पाहिलेली बाई आमच्याकडे शोधून सापडणार नाही. नांदेडला जाऊन नाटक पाहणे हेसुद्धा पुरुषांचे किंवा नोकरदार घरांचे काम. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेली, बाफ्टा मिळालेली नटी इथल्या बाईला पाहायला मिळाली ती फक्त या मालिकेत, आणि तीही भाकरी करता करता. त्यात २००५नंतरची अनेक वर्षे भारनियमनाची. वीज असेल त्या वेळेला कामे जुळवायची, चुकलेला भाग दुसऱ्या दिवशी पाहायचा, नाहीतर शेजारणीकडून ऐकायचा. ऐकलेली गोष्ट ही पाहिलेल्या गोष्टीपेक्षा वेगळी असते. सांगणारी आपले काही तरी घालते. आशालताबाई आमच्याकडे अशा अर्ध्या पाहिलेल्या, अर्ध्या ऐकलेल्या होत्या.

रोजचे काम

'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' ही म्हण प्रसिद्ध आहे. मालिकेने नावात अर्धीच म्हण घेतली. पूर्ण म्हणीत सासूची सत्ता संपणार हे गृहीत आहे. अर्ध्या म्हणीत ती संपत नाही. पुढच्या अकरा वर्षांत तेच झाले. श्रीमंत देशमुख घराण्याची सूत्रे हाती असलेली आशालता आणि तिची सून अनुराधा, म्हणजे कविता लाड, हा मालिकेचा कणा. दोघींतला संघर्ष, मग समजूत, मग बाहेरून येणाऱ्या संकटांशी दोघींनी केलेला सामना, असे नात्याचे रूप वर्षांगणिक बदलत गेले.

दैनंदिन मालिकेचे काम कसे चालते हे वाचकांना ठाऊक असेलच, तरी उजळणी करतो. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचा मजकूर लागतो. तीन हजार भाग धरले, तरी हा मजकूर अकराशे तासांच्या घरात जातो. 'गांधी' हा तीन तास अकरा मिनिटांचा चित्रपट आहे. म्हणजे साडेतीनशे 'गांधी' एकापुढे एक लावावेत एवढी ही लांबी. त्यातल्या निम्म्याहून कमी दृश्यांत आशालताबाई असतील असे धरले, तरी आकडा लहान होत नाही.

दुसरी गोष्ट संहितेची. नाटकाची संहिता आधी पूर्ण असते. नटीला शेवट माहीत असतो आणि त्या शेवटाकडे पाहून ती पहिला प्रवेश रचते. दैनंदिन मालिकेत शेवट कुणालाच माहीत नसतो. संवादांचे कागद बहुतेक वेळा चित्रीकरणाच्या दिवशीच हाती येतात. आज प्रेमळ असलेले पात्र पुढच्या महिन्यात कारस्थानी होऊ शकते, कारण प्रेक्षकांचा आकडा घसरलेला असतो. लेखक बदलतात, दिग्दर्शक बदलतात. अशा वेळी पात्राची स्मृती फक्त एकाच ठिकाणी टिकून राहते : ते पात्र करणाऱ्या नटीच्या शरीरात. आशालता खुर्चीत कशी बसते, कुणाशी बोलताना नजर खाली घेते, राग आला की आवाज चढवते की उतरवते, हे कागदावर नसते. ते नटीने ठरवायचे आणि अकरा वर्षे सांभाळायचे.

हट्टंगडी यांनी हे सांभाळले. माझ्या पाहण्यात त्यांची मुख्य रीत म्हणजे आवाज न चढवणे. भोवती संगीताचा दणदणाट, प्रत्येक पात्राच्या तोंडावर तीन-तीनदा येणारा कॅमेरा, आणि त्यात ही बाई ताठ पाठीने, कमी आवाजात, वाक्याच्या शेवटी थोडी थांबून बोलते. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज ज्याने कमावला आहे, त्यालाच तो आवरता येतो. आवाज आवरला की सत्ता दिसते, कारण जिच्या हाती किल्ल्या आहेत तिला ओरडायची गरज पडत नाही. 'चालबाज'मधली (१९८९) छळणारी काकू त्यांनी मोठ्या, भडक रंगांत केली होती. तो चित्रपट तसाच होता. आशालतेत तो भडकपणा रोज वापरला असता, तर महिन्याभरात प्रेक्षक कंटाळला असता आणि वर्षभरात नटी थकली असती. दमसास हा इथे खरा गुण. लांब पल्ल्याची बैठक असलेला गायक पहिल्याच आवर्तनात सगळा आवाज खर्च करत नाही, तसेच हे आहे.

आणि तिसरी गोष्ट वयाची. 'सारांश'मधले म्हातारपण उसने होते. या मालिकेत मात्र नटीचे वय आणि पात्राचे वय बरोबर चालले. पन्नाशीपासून साठीपर्यंतचा चेहरा कॅमेऱ्यासमोर रोज, रंगभूषेखाली पण लपून न राहता, बदलत गेला. याच काळात, २००४ साली, त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. याच काळात, २००८च्या डिसेंबरात, जयदेव हट्टंगडी यांचे निधन झाले. मालिका या दोन्हींच्या आधीपासून चालू होती आणि नंतर चार वर्षे चालू राहिली. एका बाईचे वय वाढताना रोज पाहण्याची सोय कुठल्याही नाटकाने किंवा चित्रपटाने आपल्याला दिलेली नाही. घरोघरच्या बायांनीही त्या अकरा वर्षांत वय वाढवले. सून म्हणून पाहायला बसलेल्या काही जणी मालिका संपेपर्यंत सासू झाल्या.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

या मालिकेवर जे आक्षेप घेतले गेले ते खोटे नव्हेत. ती लांबवली गेली. तिच्यातली कारस्थाने पोरकट होती. दागिने घालून झोपणारी माणसे, सतत भरलेले घर, शेतीची किंवा पाण्याची चिंता कुणालाच नाही. दुष्काळी भागातल्या प्रेक्षकासमोर हे सगळे चालू होते. त्याहून गंभीर आक्षेप स्त्रीचळवळीचा आहे. भारतीय दंडविधानात ४९८ अ हे कलम १९८३ साली आले ते सासरच्या छळाने गेलेल्या मुलींमुळे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २००६च्या ऑक्टोबरात लागू झाला, म्हणजे मालिका ऐन भरात असताना. अशा काळात किल्ल्यांचा जुडगा कमरेला असलेली सासू घराघरांत पूजनीय करून दाखवणे योग्य होते काय?

हा प्रश्न टाळता येणार नाही. मालिकेने सासूच्या सत्तेला शोभा आणली, हे मला मान्य आहे. पण प्रेक्षक बाई पाटीसारखी कोरी नसते. आमच्याकडच्या अनेक बायांशी या मालिकेबद्दल बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू आली : घरात जे बोलता येत नव्हते ते आशालतेचे नाव घेऊन बोलता येत होते. "ती बाई सुनेशी अशी वागली ते बरं नाही केलं," हे वाक्य सून सासूसमोर म्हणू शकत होती, आणि सासूही त्यावर मान डोलावू शकत होती. दोघींनाही ठाऊक असे की बोलणे पडद्यावरच्या बाईविषयी आहे आणि नाहीही. कायद्याने दिलेले हक्क पोलीस ठाण्यापर्यंत गेल्यावर मिळतात. त्याआधीच्या हजार दिवसांसाठी बाईला काही तरी बोलायची जागा लागते. ती जागा मालिकेने हेतुपूर्वक दिली असे मी म्हणत नाही. ती तयार झाली, आणि ती तयार होण्यात नटीचा वाटा होता. आशालता निव्वळ दुष्ट असती तर सासूने तिची बाजू घेतली नसती. निव्वळ देवी असती तर सुनेने तिच्यावर बोट ठेवले नसते. दोघींनाही ती आपली वाटावी इतके माणूसपण हट्टंगडी यांनी तिच्यात ठेवले.

मालिका संपल्यावर सहाच महिन्यांत, २०१३च्या जुलैत, झी मराठीवर 'होणार सून मी ह्या घरची' सुरू झाली. तिथे त्या भागीरथीबाई गोखले झाल्या, सगळ्यांची 'आईआजी'. गृहउद्योग उभा करणारी, घरातल्या अनेक बायकांना एकत्र बांधून ठेवणारी ही आजी आशालतेपेक्षा अगदी वेगळी होती. चेहरा तोच, वय तेच, घरातले ज्येष्ठत्व तेच. पण बसणे वेगळे, हसणे वेगळे, थांबणे वेगळे. अकरा वर्षे एकाच भूमिकेत राहिलेली नटी सहा महिन्यांत ती उतरवून ठेवू शकते, यातच तिच्या शिक्षणाचे आणि मेहनतीचे प्रमाण आहे. शिवाय रंगभूमी त्यांनी सोडली नव्हतीच. रामदास भटकळ यांच्या 'जगदंबा'मधून त्या पुन्हा कस्तुरबांकडे गेल्या. आता त्या कस्तुरबांना उसन्या म्हातारपणाची गरज नव्हती.

न मोजलेल्या बाया

मालिकांचे यश मोजतात ते प्रेक्षकसंख्येच्या आकड्यावर. हा आकडा काही निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून काढतात. 'चार दिवस सासूचे' सुरू झाली त्या काळात आणि पुढची अनेक वर्षे हे मीटर प्रामुख्याने लाखावर वस्तीच्या शहरांतल्या घरांत होते. ग्रामीण भागाची नियमित मोजणी बार्क या संस्थेने सुरू केली ती २०१५ साली. तोवर मालिका संपून दोन वर्षे उलटली होती. म्हणजे वसमत, औंढा, सेनगाव, कळमनुरी इथल्या किंवा त्यांच्या भोवतालच्या गावांतल्या बायांनी ही मालिका पाहिली ती कुणाच्याही खात्यात जमा न होता. जाहिरातदाराच्या हिशेबात त्या नव्हत्या, समीक्षकाच्या हिशेबात तर नव्हत्याच.

नटीचे काम आणि प्रेक्षकाचे पाहणे ही दोन्ही कामे अशी एकाच वेळी नोंदीबाहेर राहिली. नाटकाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे संहिता असते, प्रयोगांच्या जाहिराती असतात, वृत्तपत्रांतली परीक्षणे असतात, नटांची आत्मचरित्रे असतात. चित्रपटासाठी पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. खासगी वाहिन्यांवरच्या मालिकांसाठी अभ्यासकाला जाऊन बसता येईल असे सार्वजनिक दप्तर नाही. संवादांचे कागद चित्रीकरण संपताच निकामी होतात. वाहिन्यांची मालकी बदलते, नावे बदलतात. ई टीव्ही मराठी २०१५ साली कलर्स मराठी झाली. दूरदर्शनच्या आरंभकाळात टेप महाग म्हणून जुन्या कार्यक्रमांवरच नवे मुद्रित करत, ही हळहळ आपण अजून व्यक्त करतो. त्या वेळी निदान पैसा नव्हता. आज साठवण स्वस्त आहे आणि तरीही जपणूक मालकाच्या मर्जीवर आहे.

साहित्याच्या वाचकाने याची फिकीर का करावी? एका साध्या कारणासाठी. विसाव्या शतकाच्या आरंभी संगीत नाटकांनाही भडक, लांबलेली, गाण्यांनी फुगवलेली म्हणून नाके मुरडली गेली होती. त्यातले काय टिकाऊ होते हे नंतर कळले, कारण कुणी तरी जाहिराती कापून ठेवल्या होत्या, कुणी ध्वनिमुद्रिका जपल्या होत्या, कुणी आठवणी लिहून ठेवल्या होत्या. मालिकांतले बहुतेक काम विसरण्याजोगेच आहे. पण निवड करण्याचा अधिकार पुढच्या पिढीचा आहे, आणि निवडायला काही उरलेच नाही तर तो अधिकार आपण आजच काढून घेतलेला असेल.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्याला मोठा निधी लागत नाही. ज्या नटींनी वर्षानुवर्षे एकेक भूमिका सांभाळली, त्यांच्याकडून त्या कामाची तपशीलवार हकीकत लिहून घेता येईल : संवाद कधी मिळत, दिवसाला किती दृश्ये होत, लेखक बदलल्यावर पात्र कसे वाचवले. पुरस्काराच्या रात्रीपेक्षा हा तपशील अधिक मोलाचा आहे. संवादलेखकांच्या घरातले कागद तालुक्याच्या वाचनालयांनी मागून घ्यावेत. आमच्यासारख्या गावातल्या वाचनालयाच्या एका कपाटात एका मालिकेचे एक वर्ष सहज मावेल. आणि पाहणाऱ्या बायांच्या आठवणी नोंदवाव्यात. त्या बायांपैकी ज्या तेव्हा साठीच्या होत्या, त्या आज ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत, काही गेल्याही. त्यांनी हट्टंगडी यांचे काम तीन हजार संध्याकाळी पाहिले. इतका दीर्घ अनुभव कुठल्याही नाट्यसमीक्षकाच्या गाठीशी नाही. त्यांना कुणी अजून विचारलेले नाही, म्हणून ते छापले गेलेले नाही.